कुंभारीण की गांधीलमाशी

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीवर एका माशीने मातीचं घर बांधायला घेतलं, तेव्हा माझ्या बायकोची केमोथेरपी चालू होती.

"गांधीलमाशी आहे, डसेल," मी म्हणालो.

"अहो, कुंभारीण आहे ती. कुणाच्या वाटेला जात नाही. राहू द्या."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

चौकट धरून उभं राहत तिने मोबाईलवर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना मी उलथन्याने ते घर खरवडून टाकलं. उठल्यावर तिने चौकटीकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. चार महिन्यांनी ती गेली.

परवा तिच्या मोबाईलमध्ये तो फोटो सापडला. आमच्या दोघांत कुणाचं बरोबर होतं, एवढंच मला हवं होतं. कीटक ओळखून देणाऱ्या एका ग्रुपवर तो टाकला. ग्रुपची नियमावली आमच्या सोसायटीच्या नियमावलीहून लांब होती. तिथल्या जाणकारांनी लिहिलं, "फोटो हललेला आहे. लांबी कळल्याशिवाय आम्ही मत देत नाही. पुन्हा काढा."

"पुन्हा काढता येणार नाही."

"मग चौकटीवर बोटं दिसतायत, त्यातल्या अंगठीची रुंदी मोजा. त्यावरून काढा."

दवाखान्यात तिचा हात सुजला तेव्हा नर्सने साबण लावून ती अंगठी काढली होती आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिली होती. ती पिशवी मी कपाटात ठेवली, उघडली नव्हती. आता फूटपट्टी घेऊन उघडली. नक्षीच्या खाचांत साबण वाळून पांढरा झाला होता. रुंदी चार मिलिमीटर. त्या हिशेबाने माशी सोळा भरली. तीन वेळा मोजली आणि आकडा ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "कुंभारीण, मादी. तोंडात चिखलाची गोळी आहे. गांधीलमाशी चिखल वाहत नाही. गोळी आम्हाला आधीच दिसली होती. माप नोंदीसाठी हवं होतं."

नोंदीत छायाचित्रकार म्हणून त्यांनी माझं नाव घातलं होतं. मी चूक कळवली, तर नियम निघाला: दुरुस्तीची विनंती छायाचित्रकाराने स्वतः करावी.

तिचा नंबर मी अजून बंद केलेला नव्हता. तिच्या मोबाईलवरून विनंती केली. खाली लिहिलं, "ही कुंभारीण आहे, असं मी घरात तेव्हाच सांगितलं होतं."