उन्हावरची गिरण

ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी ‘शाश्वत विकास’, ‘सामाजिक वित्त’ असे भारदस्त शब्द काढले की माझ्या नाकात लसणाचा वास येतो. हसू नका, त्याला कारण आहे.

निपाणीजवळच्या आमच्या गावात आई वर्षानुवर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तंबाखूच्या धुळीनं खोकला जडला तेव्हा डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं. सोडून खायचं काय? तिनं बायकांच्या बचत संघाकडं सौरऊर्जेवरच्या पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागितलं. तारण काही नाही, पण एकीला फेडता आलं नाही तर बाकीच्यांनी भरायचं, असा नियम. त्यामुळं जामीन राहायला कुणी पुढं येईना. ऊन गेलं की बंद पडणाऱ्या गिरणीला गिऱ्हाईक कुठलं, अशी कुजबुज सुरू झाली.

शेवटी आमच्या शेजारची जैन आक्का बोलली, "आमच्यात दीस बुडायच्या आत जेवत्यात. पीठ उजेडातच लागतंय. हिला मी जामीन." अट एकच घातली, गिरणीत कांदा-लसूण जायचा नाही.

गिरण झकास चालली. विड्यांचं सूप माळ्यावर गेलं. पण उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी करायची घाई सुरू झाली आणि मामीच्या आग्रहाला आई भुलली. कांदा-लसणाची चटणी दळली, मग गिरण घासूनपुसून लख्ख केली. वास कुठला ऐकतोय! दुसऱ्या दिवशी आक्काच्या पिठाला लसणाचा घमघमाट.

संघाच्या बैठकीत आईनं मान खाली घालून स्वतःच सगळं सांगितलं. जैन घरांचं गिऱ्हाईक तुटलं तर गिरण बुडणार आणि ते सूप परत खाली येणार, हीच धास्ती मला लागली. आक्का चिडलेलीच होती. पीठ म्हशीला घालावं लागलं, हे तिनं सगळ्यांदेखत सुनावलं. मग म्हणाली, "चटणीला दुसरी गिरण घेऊया. यंदा कर्जाची पाळी माझी हाय, ती हिला द्या. गिरणी दोन झाल्या तर चालतंय, संघ एकच ऱ्हाऊ दे."

त्या कर्जातून तिला गोठ्यावर पत्रे घालायचे होते, हे आम्हांला नंतर कळलं. तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. त्या पावसाळ्यात तिची म्हैस आमच्या पडवीत बांधलेली असायची. आई रोज पहाटे तिला वैरण टाकायची, आणि टाकताना खोकत नसायची.