प्रतापरावांचं कारलं

तारनाक्याच्या प्रतापरावांना सरळ वस्तूंचा मनापासून राग होता. एका छोट्या कारखान्यात ते अँटेना आखायचे. बाकीचे सरळ दांडा नाहीतर थाळी काढून मोकळे होत. प्रतापराव असले पीळ आणि वळसे काढत की पत्रा वाकवणारा अंबाजी कागद उलटा धरून बघायचा, सुलटा धरून बघायचा आणि शेवटी हात जोडायचा. कमी जागेत जास्त लांबी कोंबली की छोटा अँटेनाही लांबचा आवाज पकडतो, हे प्रतापराव सगळ्यांना समजावून सांगत. पत्र्याला मात्र ते पटत नव्हतं.

मग देशाची दारं उघडली आणि मालकांना परदेशी यंत्रांचं वेड लागलं. त्यांनी एक यंत्र आणलं. प्लॅस्टिकची तार वितळवून ते थरावर थर चढवत जाई आणि संगणकात काढलेली वस्तू जागच्या जागी उभी राही. त्याचं करायचं काय, हे मालकांसकट कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रतापरावांनी झडप घातली. दोन दिवस यंत्र घुरघुरलं, आणि निघालेल्या वस्तूवर तांब्याचा पातळ मुलामा चढवून घेऊन त्यांनी ती मालकांपुढे ठेवली. मधे फुगीर, टोकाला पीळ, अंगभर सुरकुत्या.

"ये अँटेना है क्या करेला है, प्रतापराव?" मालक म्हणाले. "दसरे के दूसरे दिन मोबाइल कंपनीवाले आरें. पास हुआ तो ठीक. नै तो मशीन बेच देतूं, और तुम गल्ली-गल्ली डिश की छतरियाँ बेचो."

पन्नाशी उलटल्यावर लोकांच्या गच्च्या चढायच्या, या विचारानं प्रतापरावांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

बापजादे उदगीरकडचे शेतकरी, त्यामुळे त्यांच्या घरी खंडेनवमीला पोटापाण्याच्या अवजारांची पूजा होई. आजोबा नांगर पूजत. प्रतापराव इतकी वर्षं पाटावर पक्कड मांडत आले होते. या वर्षी त्यांनी छाती फुगवून तो नवा अँटेना, म्हणजे मालकांच्या भाषेतलं कारलंच घरी आणलं. "तांब्याचं आहे, जप," एवढं कुसुमताईंना बजावलं आणि झेंडू आणायला गेले.

कुसुमताईंनी जपलं. देवापुढे तांबं काळपट कसं ठेवायचं? त्यांनी चिंच भिजवली, मीठ घातलं, काथ्या घेतला आणि सुरकुतीन् सुरकुती घासून काढली.

प्रतापराव परतले तेव्हा पाटावर प्लॅस्टिकचं पांढरंशुभ्र कारलं बसलं होतं.

"किती मळ होता हो त्याच्यावर!" कुसुमताई कौतुकानं म्हणाल्या.

प्रतापराव झेंडूसकट खाली बसले. "मळ नाही गं तो. माझी नोकरी घासलीस तू."

"तांब्याचं म्हणालात! मुलामा आहे म्हणालात का?" कुसुमताई आधी भांडल्या, मग सगळा प्रकार कळला तशा रडल्या. कारखान्याला सुट्टी, मुलामा देणारा गावी गेलेला. दुसरं कारलं होणं शक्य नव्हतं.

समोर बर्फीचं ताट होतं. दसऱ्याला आळीत बर्फी वाटायची म्हणून कुसुमताईंनी चारमिनारकडून चांदीच्या वरखाची थप्पी आणवली होती. प्रतापराव त्या थप्पीकडे बघत राहिले. चांदीतून वीज तांब्याहूनही बरी जाते. त्यांनी एक वरख उचलला. तो श्वासानंच फाटला. दुसरा नाकाला चिकटला.

"सरका. पंखा बंद करा," कुसुमताई डोळे पुसत म्हणाल्या. बर्फीचा उरलेला पाक पातळ करून त्यांनी कारल्याला माखला आणि वरख अलगद बसवायला घेतला. थरावर थर.

"अहो, पण हे करतं तरी काय?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. "लांबच्या माणसाचा आवाज जवळ आणतं," प्रतापराव म्हणाले.

"मग असं आधी नाही का सांगायचं," म्हणत कुसुमताईंनी आणखी एक थर चढवला. आळीला त्या वर्षी बिनवरखाची बर्फी मिळाली, आणि शेजारच्या मंगलाबाईंनी तसं बोलूनही दाखवलं.

परीक्षेच्या दिवशी मोबाइल कंपनीच्या साहेबांनी कारलं हातात घेतलं, हुंगलं आणि भुवया वर केल्या. "वेलचीची खुशबू आरी की!" एका सुरकुतीतून मुंगी निघाली. मालकांनी प्रतापरावांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांना समोर गच्च्याच दिसू लागल्या.

साहेबांनी फोनला कारलं जोडलं. "लगाओ कहीं भी."

प्रतापरावांना त्या क्षणी घराखेरीज दुसरा नंबर आठवेना. घंटी वाजली.

"हॅलो? कोण?" कुसुमताईंचा आवाज खोलीभर घुमला.

"मी. कारल्यातून बोलतोय."

 कुसुमताई चिडून म्हणाल्या, "काहीतरीच काय! इतका जवळून आवाज येतोय. खाली दारात उभं राहून चेष्टा करताय माझी. या वर मुकाट्यानं!"

साहेब हसले, त्यांनी मालकांचा हात हातात घेतला. प्रतापरावांनी मात्र फोन खाली ठेवला नाही. तिकडे कुसुमताई जिन्यात डोकावून त्यांना हाका मारत होत्या, हे त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं.