वैनगंगेकाठी मागितलेला प्रसाद

त्या दिवसांत मला देवाचा राग आला होता. तो लपवायचं कारण मला आजही दिसत नाही. भंडाऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोल्यांत सिंधमधून, म्हणजे पाकिस्तानातून, कायमचं निघून आलेलं एक हिंदू कुटुंब भाड्याने राहतं. गोपालदास, त्याची बायको आणि म्हातारी आई, म्हणजे अम्मा. सारं सोसून माणसं इथवर आली, आणि आमच्या गल्लीने काय केलं? जुने कपडे दिले आणि नळावर विचारलं, "मंग, वापस कधी जाऊन राहिले?" एकाने तर अम्मांना तोंडावर 'पाकिस्तानी' म्हटलं. अम्मांनी अन्न सोडलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात दोष नाही, मन खचलंय; असंच चाललं तर हाती लागणार नाहीत. मी रोज पूजेत देवाला जाब विचारायचो: घर सोडायला लावलंस, आता जीवही नेणार का?

तिकडे अम्मा सिंधू नदीला साखर-तांदूळ वाहून सिंध्यांच्या जलदेवापुढे, झुलेलालपुढे, पदर पसरायच्या. या वाहण्याला ते अखो म्हणतात. इथे मात्र त्यांचं एकच पालुपद, "ये दरिया हमारा नहीं. पराये के आगे पल्ला कैसे फैलाऊँ?" एका सकाळी आम्ही त्यांना ऑटोत बसवून वैनगंगेवर नेलंच. तिथेही त्या साखर-तांदळाची मूठ आवळून नुसत्या उभ्या.

शेजारी एक अनोळखी ढीवर बाई जाळं झटकत होती. ती ओरडली, "काहून वं माय, कवाची उभी हायेस? टाक ना! मासोळ्या का तुह्या वळखीच्याच पाह्यजेत?"

गोपालदास चाचरत म्हणाला, "हम पाकिस्तान से आए हैं." आता हीही गल्लीसारखंच बोलणार, असं मला वाटलं.

"असान. म्या पुसलं का?" असं म्हणून तिने अम्मांपुढे आपला ओला पदर पसरला. "नदीले दे, मंग मले दे जरासा परसाद. नात तापानं पडली हाय घरी."

शब्द कळले नसतील, पण पदर कळला. अम्मांनी नदीला तांदूळ वाहिले, उरलेले त्या पदरात घातले, आणि डोळे मिटून कितीतरी वेळ पुटपुटत राहिल्या. परतताना ऑटोत म्हणाल्या, "गोपाल, भूख लगी है."

मी मोजूनमापून बोलणारा माणूस. याला चमत्कार म्हणणार नाही. पण यांना दे, यांना दे, असं देवाला सांगताना, त्यांच्याकडेही कुणी काही मागावं, हे मला सुचलं नव्हतं. देवाला सुचलं. गल्लीवरचा माझा राग काही गेलेला नाही, आणि तो त्याने काढूनही घेऊ नये. कुणाला कसं सावरायचं, हे सांगणं मात्र मी सोडून दिलं आहे. आता नुसते हात जोडतो.