नटीच्या पुस्तकातली अक्का

दुसऱ्याची गोष्ट दुरुस्त केल्याशिवाय अक्काला चैन पडत नसे. लग्नाहून आलेल्या कुणी पंगतीचं वर्णन सुरू केलं, की लग्नाला न गेलेली अक्का कानडी वळणाने म्हणायची, "स्वल्प थांब. जिलबी तुझ्यापर्यंत आलीच नसेल." आणि ते खरं निघायचं. ती माझी थोरली आत्या, पण बेंगळूरच्या आमच्या जे. पी. नगरातले भाजीवालेसुद्धा तिला अक्काच म्हणत.

तिच्या स्वतःच्या एका गोष्टीवर मात्र घरात कुणाचा विश्वास नव्हता. ती अठरा वर्षांची असताना लालबागेत एका मोठ्या नटीचं शूटिंग होतं. नटीची साडी काट्यांत अडकून फाटली. तिने हात जोडले, म्हणून अक्काने चिकपेटेच्या बाजारातून त्याच दिवशी घेतलेली पोपटी साडी तिला देऊन टाकली. माझी आई म्हणायची, "वन्सं, साडी तुम्ही बसमध्ये विसरलात." मग दोन दिवस नणंद-भावजयीचा अबोला.

गेल्या वर्षी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात, कानडी आणि इंग्रजी ढिगाऱ्याखाली, मला त्याच नटीचं मराठी आत्मचरित्र सापडलं. अक्काचा मोतीबिंदू पिकला होता, म्हणून रोज संध्याकाळी मी ते तिला वाचून दाखवू लागलो. दुरुस्त्या चालूच होत्या. नटीने आपलं वय सांगितलं, की अक्का म्हणायची, "त्यात पाच मिळव."

बेंगळूरचं प्रकरण आलं. त्यात इथली हवा होती, कॉफी होती, साडी नव्हती. आई समोरच अवरेकाईच्या शेंगा सोलत बसली होती. मला राहवलं नाही. मी पुस्तकावरची नजर न हलवता वाचलं, "लालबागेत एका मुलीने मला आपली नवी पोपटी साडी दिली. तिला मी कधी विसरले नाही."

आईचे हात थांबले. अक्का म्हणाली, "परत वाच."

दुसऱ्या खेपेला शेवटचं वाक्य "ती अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे" असं झालं. आई आत गेल्यावर अक्का हळूच म्हणाली, "तिने मागितली नव्हती रे. मीच तिच्या गाडीत नेऊन ठेवली. तिने बघितलंसुद्धा नाही."

मी ओशाळलो. आईला खरं सांगू का, असं विचारलं.

"कशाला? आत्ता कुठे तिला पटलंय."

ऑपरेशननंतर पट्टी सुटली, तेव्हा अक्काने आधी ते पुस्तक मागून घेतलं. तीन दिवसांत संपवलं आणि परत देताना म्हणाली, "तुझी वाक्यं सोडली, तर बाईने बाकी सगळं खोटं लिहिलंय."

या श्रावणात अक्का गेली. तेराव्याला आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, की त्या नटीने आमच्या वन्संवर पानभर लिहिलंय. एका मावशींनी ते पान बघायला मागितलं. आईने पदराने डोळे टिपले आणि सांगितलं, की पुस्तक कुणीतरी वाचायला नेलं, ते परत आलंच नाही.

त्याच सकाळी तिने ते शालूंच्या खाली ठेवून कपाटाला कुलूप लावताना मी पाहिलं होतं.