निर्मल मॅडमचं शिमला

पंजाबातल्या रायकोटच्या बसस्टँडामागे, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर निर्मल मॅडमचा वर्ग भरायचा. कॅनडाला निघालेल्या पोरांना इंग्रजीतला वर्तमानकाळ आणि भूतकाळ शिकवण्यात त्यांची उमर गेली होती. पद्धत त्यांची स्वतःची. आजचं बोलायचं तर हात पुढे, कालचं बोलायचं तर हात खांद्यावरून मागे. ‘आय गो’ म्हणताना सगळा वर्ग हात पुढे करी, ‘आय वेंट’ म्हणताना मागे फेकी. शेतातून आलेल्या पोरांच्या डोक्यात व्याकरण टिकत नसे, पण हातात टिके.

कॅनडासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारत, तुम्ही केलेल्या एखाद्या प्रवासाबद्दल सांगा. आता लुधियान्यापलीकडे न गेलेली पोरं सांगणार काय, कपाळ? म्हणून मॅडमनी एक प्रवास लिहूनच दिला होता. आम्ही शिमल्याला गेलो, बर्फ पडलं, भाजलेली कणसं खाल्ली, लाल शाल विकत घेतली. सगळा भूतकाळ, एक क्रियापद चुकेल तर शपथ. बॅचमागून बॅच हे घोकून विमानात बसली.

ते शिमला खरं तर मॅडमचंच होतं. लग्न झाल्या झाल्या नवरा म्हणाला होता, गव्हाची कापणी उरकू दे, तुला शिमल्याला नेतो, लाल शाल घेतो. कापणीआधीच त्याचे इटलीचे कागद आले. तो गेला, तिथल्या गोठ्यांत राबला आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला. मॅडमनी चारचौघांत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. न झालेली सहल तेवढी फळ्यावर लिहिली आणि परक्यांच्या लेकरांकडून पाठ करून घेतली. माणूस कशाच्या आधाराने दिवस काढील, सांगता येत नाही.

पण अति तिथे माती. एका परीक्षेत दिवसभर जो येई तो शिमल्याला जाऊन आलेला. मॅडमच्या वर्गातल्या जशनदीपची पाळी आली तेव्हा परीक्षक बाईंनी तिला मध्येच थांबवून विचारलं, “शाल लालच होती ना?” घोकलेलं सगळं पोरीच्या डोक्यातून उडालं. हात मात्र सवयीने खांद्यावरून मागे गेला.

तिचे बोलण्याचे बॅण्ड, म्हणजे परीक्षेचे गुण, पार घसरले. कॅनडातल्या नर्सिंगच्या कॉलेजात नाव लागलेलं, आणि आता एकच संधी उरलेली. तीही हुकली तर घरचे तिला मोग्याच्या एका आडत्याच्या पोराच्या गळ्यात बांधायला टपले होते. ती वर्गात येऊन ढसाढसा रडली.

क्लासचे मालक धालीवाल धापा टाकत जिना चढून आले. “मॅडमजी, अख्ख्या पंजाबाला एकच शाल पांघरायला दिलीत! दुसरी गोष्ट लिहा. मनाली लिहा.”

“मनालीला मी गेले नाहीये.”

“अन् शिमल्याला कधी गेला होतात?”

मॅडमनी खडू खाली ठेवला. “नाही गेले,” त्या हळूच म्हणाल्या.

जशनदीपचं रडं थांबलं. “तरीच! शिमला सांगताना तुमचा हात मागे जातच नाही. मला वाटायचं, खांदा दुखतो.”

“आगाऊ कुठली! गप्प बस, पुत्तर.”

“गप्प कशाला? परीक्षेआधी सगळेच जाऊ ना शिमल्याला. मग बघू ती बाई काय पकडते!”

“गोष्ट बदलायची सोडून डोंगर चढायला निघाली,” धालीवालांनी कपाळावर हात मारला. पण मेव्हण्याची गाडी त्यांनीच मागवली.

सोलनपासून वळणावळणाला मॅडमना उलट्या झाल्या. बर्फाचा पत्ता नव्हता. कणीस हातात येतं न येतं तोच माकडाने पळवलं आणि धालीवाल त्याच्यामागे शिव्या देत धावले. शालीच्या दुकानात मात्र दुकानदाराने आपणहून लाल शाल पुढे पसरली. मॅडमनी तिच्यावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला.

“ही नको,” त्या म्हणाल्या. “लाल मला कधी आवडलाच नाही. ती करडी दाखवा.”

पुढच्या परीक्षेत जशनदीपला विचारलं, कुणासोबत घालवलेल्या एखाद्या दिवसाबद्दल सांगा. तिने माकड सांगितलं, उलट्या सांगितल्या, करडी शाल सांगितली. दोन क्रियापदं चुकली, चुकू देत. या खेपेचा परीक्षक हसायला लागला तशी तीही हसली आणि घोकल्याशिवाय बोलत सुटली. बॅण्ड आले. आडत्याचा पोरगा राहिला मोग्यातच.

पिन्न्यांचा, कणकेच्या लाडवांचा, डबा घेऊन ती वर्गात आली तेव्हा नवी बॅच बसली होती. मॅडमच्या अंगावर करडी शाल होती. कुणीतरी विचारलं, “मॅडमजी, ती शिमल्याची गोष्ट कधी देणार?”

“आता देत नाही. ज्याची त्याने आणायची,” मॅडम म्हणाल्या. “पण माझी ऐका. आय वेंट टू शिमला.”

दारातून जशनदीप बघत होती. मॅडमचा हात उचलला गेला, आणि खांद्यावरून सरळ मागे गेला.