पाण्याखालचा उंबरा

१२ मे १९७४, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. माझ्या मावशीचे यजमान जमिनीवर केवळ नाइलाजाने राहतात, हे माझे अनुमान या वेळी सिद्ध झाले. कारण होडी नीट थांबण्यापूर्वीच ते चष्म्यासकट धरणाच्या पाण्यात उतरले होते.

व्यवसायाने काका वास्तुरचनाकार. सांगलीत विश्रामबागेत त्यांनी बांधलेली घरे कधी गळत नसत. मन मात्र त्यांचे बुडालेल्या वास्तूंतच रमे. डोहातले घाट, पाण्याखाली गेलेली देवळे यांचे ते नकाशे काढत. गढूळ पाण्यात दिसत नाही, म्हणून खाचा पाडलेल्या लाकडी पट्टीने, डोळे मिटून, बोटांनी मापे घेत. सरावासाठी घरची दारेही तशीच मोजत. एकदा दारात उभ्या असलेल्या पोस्टमनची रुंदी त्यांनी मला नोंदवायला लावली. श्वास रोखण्याचा अभ्यास न्हाणीघरातील पिंपात चाले आणि मावशी तो पोळ्यांत मोजे. "आज दोनच! तिसरी फुगायच्या आत वर आलात," ती स्वयंपाकघरातून ओरडे. पाण्यावर खुणेला सोडण्यासाठी ते मिरजेहून तंबोऱ्याला नापास झालेले भोपळे आणत. "साहेब, याला आवाज नाही हो," कारागीर कळवळून म्हणाला. काका म्हणाले, "मला शांतच हवेत."

त्या सकाळी होडीत माझ्यासमोर एक निवृत्त सुभेदार बसले होते. त्यांचे साताऱ्याकडील गाव धरणात गेले आणि वस्ती विट्याच्या माळावर हलली. तिथे नवे देऊळ उभे राहिले, पण त्यांची आंधळी आई आत जाईना.

"उंबऱ्याला हात लावती आन् म्हंती, ह्यो आपला न्हाई," सुभेदार सांगत होते. "लय थकली हाय, ताई. फुडच्या उन्हाळ्यापातूर ऱ्हाईल का न्हाई, कुणी सांगावं?"

तेव्हा जुन्याच मापाचा उंबरा तिथे बसवायचे ठरले. पाणी उतरले होते, तरी जुना उंबरा दोन पुरुष खाली होता. आणि पाऊस तोंडावर आला होता.

काका वर आले. "उंची डावीकडे नऊ इंच. उजवीकडे नऊ. मध्ये सव्वाआठ."

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. देवळाच्या उंबऱ्यावर कोणी पाय देत नाही, तेव्हा तो मध्येच झिजण्यास कारण नाही. सबब तिसरे माप ही निरीक्षणातील चूक. तसे मोठ्याने सांगून मी ते वहीत खोडले.

"बरं," एवढेच म्हणून काका पुन्हा खाली गेले.

मी मनातल्या मनात पोळ्या मोजू लागले. भोपळे स्वस्थ डुलत होते. त्यांच्याखाली आड, पार, गल्ल्या असे सबंध गाव हिरव्या उजेडात निजले असावे, आणि त्यातून काका दार शोधत सावकाश हिंडत असावेत. चौथी पोळी उलटली, तेव्हा मी पेन्सिल ठेवून होडीच्या काठावरून वाकले. पाचवीला ते वर आले.

"सव्वाआठच. अगं, हात टेकून टेकून खळगा पडलाय. माझा तळवा बसला त्यात."

सुभेदारांनी टोपी काढली. "व्हय की! समदं गाव तितंच वाकायचं."

विट्याला नवा उंबरा मध्ये मुद्दाम खोलगट करताना पाथरवटाने पुष्कळ कुरकुर केली. सुभेदारांची आई वाकली, तिने तळवा टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"आलं की गाव," ती म्हणाली आणि आत गेली.

जूनमध्ये मी पुढील शिक्षणासाठी पुण्याला गेले. काकांची मापे त्यानंतर कोण लिहून घेत असे, हे मी कधी विचारले नाही. वही माझ्याकडेच राहिली. तिच्या अखेरच्या पानावर पाण्याचा एक डाग आहे, त्याखाली एक खोडलेली ओळ, आणि तिच्याखाली माझ्याच अक्षरात, पुन्हा: उंबरा, मध्यभाग, सव्वाआठ इंच.