राखेत उभा हिमबिबट्या

चंद्रपुरात मे महिन्यात बर्फ रंगवायला बसणारा माणूस एक तर खुळा असतो, नाही तर त्याला स्वतःवर भलताच भरवसा असतो. भरवसा माझ्याकडे भरपूर आहे. खुळेपणाचं घरच्यांना विचारा. हिवाळ्यात स्पितीला आठ दिवस राहून आलो होतो. समोरच्या कड्यावर हिमबिबट्या दुर्बिणीतून चार-पाच मिनिटं दिसला. बोटं आखडली होती, तरी पेन्सिल सोडली नाही. शेपटी, मान, अंगावरचे ठिपके, सगळं वहीत उतरवून आणलं.

तीस वर्षं मी वाघच रंगवत आलो. लोक मला वाघवाला पेंटर म्हणतात, आणि त्याचा मला वीट आला होता. मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनाला चित्र पाठवायचं होतं. वाघ सोडूनही मला काही येतं, हे एकदाचं दाखवून द्यायचं होतं.

कूलरसमोर पंधरा दिवस घालवले. बर्फ जमला, सावलीत निळसर आणि उन्हाकडे किंचित पिवळा. जनावरही जमलं. पण दोघांचं एकमेकांशी काही जुळेना. बिबट्या कापून चिकटवल्यासारखा दिसायचा. मी त्याचे डोळे पुन्हा केले, मागचा डोंगर दोनदा बदलला. मुदत तीन दिवसांवर आली.

शेजारी तेव्हा एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी भामरागडच्या पलीकडून आल्या होत्या. त्यांच्याकडचं पाणी गेलं म्हणून पाण्याचा गुंड भरायला आल्या आणि चित्रापुढे थांबल्या.

"मोहाखाली जाळलं का, भाऊ?"

मोहफुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात. माझा बर्फ त्यांना राख वाटला होता. मला हसू आलं आणि रागही. बर्फ आहे, असं समजावून सांगितलं. त्या बरं म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. राख असो की बर्फ, त्यात पाय रुतणारच, असं त्यांचं म्हणणं पडलं. हे जनावर तर सिमेंटच्या रोडवर उभं होतं. मी वाद घातला, की याचे पंजे रुंद असतात, ते फार रुतत नाहीत. थोडे तरी रुततील ना, एवढंच त्यांनी विचारलं. मग भिंतीला टेकवून ठेवलेले माझे जुने वाघ त्यांनी एकेक करून पाहिले.

"भाऊ, तुमच्या एकाही वाघाले पाय नाई."

खरंच नव्हते. प्रत्येक वाघ गुडघाभर गवतात. गवत दोन फटकाऱ्यांत होतं. वजनानिशी टेकलेला पंजा दाखवायला जीव निघतो. सुरुवातीला वेळ वाचवायला म्हणून गवत रंगवलं, पुढे अंगवळणी पडलं. तीस वर्षांत कुणी हटकलं नाही. बाई गुंड उचलून निघून गेल्या आणि मला लाज वाटली.

चारही पाय चाकूने खरवडून काढले. चुलीची राख मागून आणली, अंगणात पसरली आणि गल्लीतल्या कुत्र्याला पोळी दाखवून त्या राखेवरून चालवलं. पंजा टेकतो तिथे कडा कशी फुगते, बोटांमध्ये काय साचतं, ते उकिडवा बसून काढत राहिलो. घरच्यांनी तारखेची आठवण करून दिली. तसे पाय तासाभरात गवतात लपवता आले असते, पण तिथे गवतच नव्हतं. तारीख गेली. मी पुढचा उजवा पंजा करत होतो.

सहाव्या दिवशी बाईंना बोलावलं. त्यांनी बिबट्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, थेट पायांकडे पाहिलं.

"आता उभा आहे," त्या म्हणाल्या.